लेकी बोले, सुने लागे : चिनी कवितेत लपवलेले अर्थ

मागच्या व्याख्यानात आपण आनंदवर्धनाचा ध्वनीविचार पाहिला. त्यातली गोदाकाठची बाई तुम्हाला आठवत असेल. मूळ गाथा हालाच्या सप्तशतीतली, आनंदवर्धनाने नवव्या शतकात ती उदाहरण म्हणून घेतली. बाईच्या संकेतस्थळी एक गोसावी रोज फुलं तोडायला येतो. त्याला तिथल्या कुत्र्याची भीती. बाई त्याला सांगते की आता खुशाल हिंडा महाराज, ते कुत्रं मेलं, इथल्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारलं त्याला. शब्द म्हणतात 'हिंडा', आणि अर्थ होतो 'इथे पाऊल टाकू नका'.

त्या दिवशी एक गोष्ट आम्ही मुद्दाम बाजूला ठेवली होती. उद्या कुणी या बाईला जाब विचारला, तर ती काय म्हणेल? ती म्हणेल, मी तर त्यांना हिंडा म्हणाले होते. तिच्याविरुद्ध पुरावा नाही. अर्थ पोचला, पण तिच्या तोंडचा एकही शब्द तिला अडकवू शकत नाही. याला आपण 'नाकारण्याची सोय' म्हणू.

समोर गोसावी असेल तर ही सोय पुरते. समोर राजा असेल तर? पोलीस, न्यायासन, सेन्सॉर असेल तर ती कुठपर्यंत पुरते? हा आजचा प्रश्न आहे, आणि तो तपासायला चीनसारखा दुसरा देश नाही. आडून बोलणारी कविता आणि ती उलगडून शिक्षा देणारी सत्ता, या दोघींचा संसार तिथे दोन हजारांहून अधिक वर्षं चालला आहे.

आपल्याकडे म्हण आहे, 'लेकी बोले, सुने लागे'. चिनी भाषेत याच अर्थाची म्हण आहे. बोट दाखवायचं तुतीच्या झाडाकडे आणि शिव्या द्यायच्या दुसऱ्याच झाडाला. आपण सासर-माहेरात राहिलो आणि ते झाडांत गेले, एवढाच फरक.

कविताच का?

आधी दोन गोष्टी समजून घेऊ. पहिली म्हणजे, जुन्या चीनमध्ये कविता हा फावल्या वेळचा छंद नव्हता. थांग काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, सरकारी नोकरीच्या वरच्या परीक्षेत कविता रचावी लागे. मोठे कवी बहुतेक सगळे सरकारी अधिकारी. बदली झाली की कविता, मित्राला निरोप देताना कविता, वरिष्ठाच्या पत्राला उत्तर म्हणूनही कविता. म्हणजे लिहिणारा, वाचणारा आणि पुढे त्याला पकडणारा, हे तिघंही एकाच शाळेत शिकलेले. गुप्त लिपीची किल्ली पोलिसाच्याही खिशात होती असं समजा.

त्याहून जुनी गोष्ट अशी की इ.स.पूर्व काळातल्या 'शीचिंग' या ३०५ गीतांच्या संग्रहाला जी जुनी प्रस्तावना जोडलेली आहे, तिच्यात एक सिद्धांत मांडलेला आहे. प्रजेने गाण्यातून आडवळणाने टीका करावी. तशी केली तर गाणाऱ्याला दोष लागू नये आणि राजाने त्यातून शहाणं व्हावं. हा एक करारच होता. तू आडून बोल, मी तुला मारणार नाही. आजचं सगळं व्याख्यान या कराराबद्दल आहे. तो कुणी पाळला, कुणी मोडला आणि मोडल्यावर काय झालं, ते आपण बघणार आहोत.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठीत 'मी आले' म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळतं, 'मी आलो' म्हटलं की बुवा. क्रियापदच चुगली करतं. काळही त्यातच कळतो. अभिजात चिनी कवितेत क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही, काळाचं रूप नाही, आणि कर्ता तर बऱ्याचदा गाळलेलाच असतो. कोण बोलतंय, कधीचं बोलतंय, एकजण की अनेकजण, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. भाषांतरकाराला या रिकाम्या जागा भराव्याच लागतात. कवीला मात्र त्या लपायला मिळतात.

यात उच्चारांची भर घाला. आजच्या प्रमाण चिनी भाषेत सूर सोडले तर साधारण चारशेच अक्षरोच्चार आहेत, आणि लिहायची चिन्हं हजारोंनी. म्हणजे एकाच उच्चाराचे कितीतरी शब्द. श्लेष तिथे शोधावा लागत नाही, टाळावा लागतो.

लपायच्या जागा

आता प्रत्यक्ष युक्त्या पाहू. सगळ्यात साधी युक्ती काळाची. चालू राजावर बोलायचं असेल तर आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाचं नाव घ्यायचं. थांग सम्राट श्युआनत्सोंगच्या युद्धखोरीवर तू फू लिहितो तेव्हा नाव येतं हान घराण्यातल्या सम्राट वू याचं. त्याच श्युआनत्सोंगच्या प्रेमप्रकरणावर पाय च्यूयीने ८०६ साली दीर्घ कविता लिहिली, तीही हान घराण्याच्या सम्राटाची गोष्ट म्हणून सुरू होते. फसत कुणीच नव्हतं. पण कागदावर राजाचं नाव नव्हतं.

दुसरी युक्ती स्त्रीच्या आवाजाची. पुरुष कवी, अधिकारी माणूस, पण कवितेत बोलते एखादी पत्नी किंवा नववधू. याची फार सुंदर गोष्ट चांग ची या थांग कवीची आहे. त्या काळात सीमेवरचे लष्करी सुभेदार इतके माजले होते की दरबाराला जुमानत नसत. ली शीताओ हा त्यातलाच एक. त्याने चांग चीला आपल्या पदरी ओढायचा प्रयत्न केला. हो म्हणावं तर राजद्रोह, नाही म्हणावं तर जिवाशी गाठ. चांग चीने कविता पाठवली. तिच्यात एक विवाहित स्त्री परपुरुषाने दिलेले दोन मोती परत करते. मोती तिला आवडलेले आहेत, तिने ते अंगावर मिरवलेही आहेत, पण नवऱ्याशी बांधलेली आहे. आपली भेट लग्नाआधी झाली असती तर, असं म्हणत ती डोळ्यांत पाणी आणून मोती देऊन टाकते.

हे नुसतं प्रेमगीत म्हणून वाचलं तरी मन हलतं. सुभेदाराने मात्र ते राजकीय उत्तर म्हणून वाचलं, आणि तसंच ते लिहिलं होतं. नकार मिळाला, पण अपमान झाला नाही. म्हणजे आडून बोलणं नेहमी टोमणाच असतो असं नाही. कधीकधी समोरच्याची अब्रू राखून 'नाही' म्हणण्याची ती एकच वाट असते. आपल्या घरांतही हे चालतं, सांगायला नको.

गंमत म्हणजे याच चांग चीला पुढे एका तरुण परीक्षार्थीने कविता पाठवली. नवी नवरी सासू-सासऱ्यांपुढे जाण्याआधी नवऱ्याला हळूच विचारते आहे की माझ्या भुवया नीट रंगल्यात का. भुवया म्हणजे त्याचं लेखन आणि सासू-सासरे म्हणजे परीक्षक. चांग चीनेही त्याच भाषेत कौतुकाचं उत्तर धाडलं. ही किल्ली सगळ्या सुशिक्षितांकडे होती, ती अशी.

तिसरी युक्ती फुलाझाडांची. ल्यू यूशी हा ८०५ सालच्या फसलेल्या सुधारणांच्या गटातला. गट हरला आणि याला राजधानीबाहेर दूर धाडलं. दहा वर्षांनी, ८१५ मध्ये, परत बोलावलं. राजधानी छांगआनमध्ये एका ताओपंथी मठात तेव्हा पीचच्या झाडांना बहर आलेला. सगळं शहर फुलं बघायला लोटलं होतं. ल्यूने चार ओळी लिहिल्या. त्यांतला मुद्दा एवढाच की ही सगळी झाडं मी गेल्यानंतर लावलेली आहेत. आता यात आक्षेपार्ह काय? काही नाही. पण दरबारात जे नवे मोठे झाले होते, तेही हा गेल्यानंतरच 'लावलेले' होते. परंपरा सांगते की त्यांना ते बरोबर लागलं, आणि ल्यूला पुन्हा बाहेर काढलं. आधी तर इतक्या दुर्गम जागी नेमलं होतं की त्याच्या म्हाताऱ्या आईला तो प्रवास झेपला नसता. मित्र ल्यू त्सोंगयुआन म्हणाला, माझी बदली त्याला द्या, त्याच्या जागी मी जातो. शेवटी मंत्री फेई तू याने रदबदली केली आणि जरा बरी जागा मिळाली.

८२८ साली ल्यू यूशी पुन्हा राजधानीत आला. पुन्हा त्याच मठात गेला. झाडं गेलेली, अंगणात शेवाळ आणि भाजीची फुलं. त्याने पुन्हा चार ओळी लिहिल्या, आणि मी परत आलोय बरं का, हे त्यात सांगून टाकलं. माणूस सुधारला नाही, आणि आम्हाला तो त्यासाठीच आवडतो.

करार मोडतो तेव्हा

इथवर गोष्ट खेळासारखी वाटते. आता १०७९ सालात येऊ. सोंग घराणं, सम्राट शेनत्सोंग. वांग आनशीच्या 'नव्या धोरणां'नी देशात दोन तट पडले होते. सरकारने शेतकऱ्यांना कर्ज द्यावं, मिठाच्या मक्तेदारीची कडक अंमलबजावणी करावी, असे ते कायदे. सू शी, म्हणजे पुढे सू तोंगपो म्हणून गाजलेला कवी, विरोधी बाजूचा. हूचौ या गावी अधिकारी असताना त्याला अटक झाली. पुरावा होता त्याच्या कवितांचं छापील पुस्तक. छापील या शब्दाकडे लक्ष द्या. मित्राला हातोहात दिलेली कविता आणि ठोकळ्यांवर छापून बाजारात गेलेली कविता, यांत सत्तेच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. झडतीच्या भीतीने घरातल्या बायकांनी त्याचे कितीतरी कागद जाळून टाकले.

त्याला ठेवलं निरीक्षक खात्याच्या कोठडीत. तिथल्या झाडांवर कावळे बसत अशी जुनी आख्यायिका, म्हणून त्या खात्याला 'कावळ्यांचा चौथरा' म्हणत, आणि हा खटला इतिहासात त्याच नावाने ओळखला जातो. चार महिने चौकशी चालली, आणि चौकशी कसली, तर काव्यसमीक्षेची! या ओळीचा अर्थ काय, हा संदर्भ कुठला, रोख कुणावर, हे कवीकडून वदवून घेतलं. त्या कागदपत्रांची नोंद आजही उपलब्ध आहे. जगाच्या साहित्यात कवीने स्वतःच्या कवितेवर केलेलं इतकं तपशीलवार भाष्य विरळा, आणि ते कोठडीत केलेलं आहे.

एक उदाहरण बघू. सू शीच्या एका कवितेत डोंगरातला एक म्हातारा आहे. त्याला जेवणाला चव लागत नाही. यात कन्फ्यूशियसच्या एका प्रसिद्ध प्रसंगाची आठवण आहे. प्राचीन संगीत ऐकून कन्फ्यूशियस इतका भारावला की तीन महिने त्याला मांसाची चव कळली नाही. सू शी विचारतो, या म्हाताऱ्याचंही तसंच झालंय का? नाही हो, बिचाऱ्याला तीन महिने मीठच मिळालेलं नाही. बघा, मिठाच्या कायद्याचं नाव नाही, टीकेचा शब्द नाही. एक जुना संदर्भ आहे आणि एक अळणी जेवण. ज्याला तो संदर्भ ठाऊक, त्यालाच चटका बसणार. आणि निरीक्षक खात्यातल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ होता.

इथे लेखकाचा रोख खरोखर तसा होता, त्याने तो कबूलही केला. पण आरोप करणारे तिथे थांबले नाहीत. सू शीने दोन जुन्या वृक्षांवर एक कविता लिहिली होती; त्यांची मुळं जमिनीत खोलवर, जिथे पाताळातला ड्रॅगन झोपलाय तिथपर्यंत सरळ गेली आहेत, अशी कल्पना. मंत्री वांग क्वे सम्राटाला म्हणाला, आपण आकाशातले ड्रॅगन, आणि हा पाताळातल्या ड्रॅगनकडे बघतो, म्हणजे हा राजद्रोह. नोंद अशी आहे की सम्राट शेनत्सोंग म्हणाला, कवीचं बोलणं असं वाचायचं नसतं. तो झाडाबद्दल बोलतोय, माझा त्याच्याशी काय संबंध?

या उत्तरापाशी आपण जरा थांबू. ज्याच्या हातात सगळी सत्ता आहे, तो स्वतःविरुद्धचा अर्थ कुणीतरी हातात आणून देत असताना म्हणतो की मला हा अर्थ ऐकू आला नाही. त्या जुन्या प्रस्तावनेतला करार इथे कुणीतरी पाळला. सू शीची सुटका झाली नाही, हूआंगचौला हद्दपारी झाली, पण मान वाचली. ज्यांना त्याच्या कविता टपालाने गेल्या होत्या अशा मित्रांना दंड झाले, भावाची पदावनती झाली. हूआंगचौला त्याने पूर्वेकडच्या उतारावर शेती केली. त्या उतारावरूनच 'तोंगपो' हे नाव आलं.

याचा उत्तरार्ध क्वचित सांगितला जातो. दहा वर्षांनी, १०८९ मध्ये, पारडं फिरलं होतं. सू शीच्या बाजूचा तट सत्तेत, सम्राट लहान, कारभार आजीच्या म्हणजे राजमातेच्या हातात. सुधारणावादी गटाचा पडलेला मंत्री त्साय च्युए याने एका मंडपात बसून दहा छोट्या कविता लिहिल्या होत्या. एका शत्रूने त्यांवर टीका-टिपणी लिहून त्या दरबारात सादर केल्या. एका कवितेत जुन्या थांग काळातल्या एका मंत्र्याचा उल्लेख होता. त्या मंत्र्याने राणीच्या हाती सत्ता द्यायला विरोध केला होता. म्हणजे हा आमच्या राजमातेवर रोख! त्साय च्युएला दक्षिणेला अगदी टोकाला धाडलं, आणि १०९३ मध्ये तो तिथेच वारला. दहा वर्षांपूर्वी जे हत्यार आपल्यावर चाललं, तेच हत्यार त्या तटाने उचललं. अर्थ शोधून काढण्याची चटक एकदा लागली की ती कुठल्या एका पक्षाची राहत नाही.

आणि शेवटची पायरी छिंग घराण्याची. हे राज्यकर्ते मांचू, म्हणजे परके, आणि त्याबद्दल ते फार हळवे. 'छिंग' या नावाचा अर्थ 'निर्मळ'. १७५५ मध्ये हू चोंगत्साओ नावाच्या अधिकाऱ्याच्या कवितासंग्रहात सम्राट चिएनलोंगला 'गढूळ' हे अक्षर 'निर्मळ' या अक्षराला लागून आलेलं दिसलं. गढूळ आणि निर्मळ ही जोडी चिनी भाषेत अगदी रुळलेली, आपण बरं-वाईट म्हणतो तशी. पण सम्राटाने विचारलं, आमच्या घराण्याच्या नावाच्या डोक्यावर 'गढूळ' ठेवतो, यामागे मन कसलं आहे? हूचा शिरच्छेद झाला. खरं कारण दरबारातले गट मोडायचे होते हे इतिहासकार सांगतात. त्याच्याशी कवितांची देवाणघेवाण करणाऱ्या एका बड्या घरच्या अधिकाऱ्यालाही जीव द्यायला लावलं. कवितेत काही लपवलेलं होतं की नाही, हा प्रश्नच तिथे उरला नव्हता.

बाटल्या, पूल आणि तिरकी ओळ

विसाव्या शतकात येऊ. ८ जानेवारी १९७६ला पंतप्रधान चाऊ एन-लाय गेले. सांस्कृतिक क्रांतीचा शेवटचा काळ. माओंची पत्नी च्यांग छिंग आणि तिचे साथीदार, ज्यांना पुढे 'चौकडी' म्हटलं गेलं, ते जोरात. चाऊंचा शोक जाहीरपणे करणंसुद्धा त्यांना नको होतं. ४ एप्रिलला छिंगमिंगचा सण, पूर्वजांची स्मृती जागवायचा दिवस. लोक पेकिंगच्या तियानानमेन चौकात पुष्पचक्रं घेऊन आले आणि त्यांना कविता डकवू लागले. कुणी मोठ्याने वाचतंय, मागे उभे असलेले पाठीवर वही ठेवून उतरवून घेताहेत.

त्यातल्या एका कवितेत शांघायच्या नदीवरचा एक पूल आहे, कुजलेला, डळमळणारा. साधा पूल. पण नदी म्हणजे 'च्यांग', पूल म्हणजे 'छियाओ', हलणं म्हणजे 'याओ'. च्यांग छिंग, चांग छुनछियाओ, याओ वेनयुआन, चौकडीतली तीन नावं एका पुलात बसली! आणि शांघाय हा त्यांचा बालेकिल्ला. काहींनी तर शब्दही वापरले नाहीत. झाडांना छोट्या बाटल्या टांगल्या. छोटी बाटली म्हणजे 'शियाओ-फिंग'. ज्यांना चौकडी खाली खेचू पाहत होती त्या डेंग शियाओपिंग यांच्या नावाचा हाच उच्चार.

आता पोलिसाची पंचाईत बघा. बाटली टांगणाऱ्याला पकडायचं तर आधी स्वतःच म्हणावं लागणार की ही बाटली म्हणजे डेंग. म्हणजे देशद्रोही वाक्य पहिल्यांदा पोलिसाच्या तोंडून येणार! विनोदाची ताकद इथे आहे. अर्थात ताकद मर्यादित. रात्रीत पुष्पचक्रं उचलली गेली, ५ एप्रिलला लोक भडकले, बळाने चौक रिकामा केला, डेंग यांची पदं गेली. पण उतरवून घेतलेल्या कविता वह्यांत राहिल्या. पेकिंगच्या एका संस्थेतल्या शिक्षकांनी त्या जमवल्या आणि चौकडी पडल्यावर त्यांचा संग्रह निघाला. संपादक म्हणून जे टोपणनाव घातलं, तोंग हुआयचौ, त्याचाही उच्चार 'सगळे मिळून चाऊंची आठवण काढू' असा ऐकू येतो.

२० मार्च १९९१ला सरकारी 'पीपल्स डेली'च्या परदेश आवृत्तीत अमेरिकेत शिकणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याची कविता छापून आली. जुन्या छंदातली, सणाच्या रात्री मायदेशाची आठवण काढणारी, अगदी सात्त्विक. कुणीतरी ती तिरकी वाचली. पंतप्रधान ली फंग यांनी पायउतार होऊन जनतेचा संताप शांत करावा, असं त्या तिरक्या अक्षरांत होतं. १९८९च्या दडपशाहीनंतर दोनच वर्षं झाली होती. संपादकाने प्रत्येक ओळ तपासली असणार. तिरकं वाचायचं मात्र राहून गेलं.

आणि अलीकडची गोष्ट. मे २०२१. मेइतुआन या बड्या कंपनीचे प्रमुख वांग शिंग यांनी समाजमाध्यमावर थांग काळातली एक कविता टाकली. स्वतः लिहिलेली नव्हे, हजाराहून अधिक वर्षं जुनी. विषय, पहिला सम्राट छिन शी हुआंगने केलेलं ग्रंथदहन, आणि पुढे त्याचं राज्य उलथवणारे मुळात वाचणारे नव्हतेच, हा उपरोध. कंपनीची तेव्हा मक्तेदारीबद्दल सरकारी चौकशी चालू होती. लोकांनी कवितेत आजचं सरकार वाचलं आणि हाँगकाँगच्या बाजारात शेअर घसरला. वांग यांनी कविता काढून टाकली आणि खुलासा केला की रोख धंद्यातल्या स्पर्धेवर होता. खरा प्रतिस्पर्धी अनपेक्षित बाजूने येतो, एवढंच म्हणायचं होतं. खुलासा खराही असेल. पण एकही शब्द स्वतःचा न लिहिता माणूस अडचणीत आला.

मग लपलेलं काय असतं?

आता धागे जुळवू. आपण सहज म्हणतो की कवीने अर्थ लपवला. पण मोत्यांची कविता सुभेदाराला कळली, पीचची फुलं दरबाराला कळली, पूल सगळ्या चौकाला कळला. अर्थ खरंच लपला असता तर कविता वायाच गेली असती. आमच्या मते लपवलेला असतो तो पुरावा. अर्थ सगळ्यांपर्यंत जातो, फक्त त्याची जबाबदारी कागदावर सापडत नाही. गोदाकाठच्या बाईचंही तेच होतं.

हे मान्य केलं तर त्यातून एक गंभीर गोष्ट निघते. पुराव्याची सोय कुठे उपयोगी पडते? जिथे शिक्षा करणाऱ्याला अजून पुराव्याची चाड आहे तिथे. शेनत्सोंगला ती होती, म्हणून सू शी जगला. चिएनलोंगला नव्हती, म्हणून 'गढूळ' हे एक अक्षर पुरलं. आडून बोलणं ही दुबळ्याची ढाल खरी, पण ती ढाल सत्तेच्या थोड्याफार लाजेवर टिकून असते. ती लाज संपली की हीच वाचनाची रीत उलटते. 'शब्दांत नसलेला अर्थ कवितेत असू शकतो' हे तत्त्व कवीला मोकळीक देत होतं. तेच आता निरपराध ओळीतही गुन्हा शोधायचा परवाना देतं. खरा गुपित अर्थ ठेवणारा कदाचित सुटतो, आणि झाडाबद्दल बोलणारा सापडतो.

म्हणून वाचकावर एक जबाबदारी येते, आणि वाचक म्हणजे आपणही. अर्थ ओळखणं ही बुद्धी आहे. तो ओळखून कुणाच्या हाती द्यायचा, हा नीतीचा प्रश्न आहे. त्साय च्युएच्या कवितांवर टिपणं लिहिणारा माणूस अडाणी नव्हता. त्याला कविता फार छान कळत होती.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : इतकं आडून बोलण्यापेक्षा सरळ बोलून परिणाम भोगणारे श्रेष्ठ नाहीत का?

चांगला प्रश्न. असे लोक चीनमध्येही झाले. सोळाव्या शतकात हाय रुई नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाला तोंडावर दोष देणारा अर्ज लिहिला, आणि आधी स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन ठेवली. तुरुंगात गेला, सम्राट मेल्यावर सुटला. त्याच्यापुढे नमस्कारच करावा. पण पुढची गोष्ट ऐका. १९६१ मध्ये वू हान या इतिहासकाराचं त्याच हाय रुईवरचं नाटक रंगमंचावर आलं. १९६५च्या नोव्हेंबरात त्यावर लेख आला, नाटकातून माओंवर टीका आहे असं ठरलं, आणि तिथून सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी पडली. वू हान १९६९ मध्ये कैदेत वारले. सरळ बोलणारा माणूस चारशे वर्षांनी आडून बोलण्याचं साधन ठरला, निदान तसा वाचला गेला. आणि या हाय रुईचं कौतुक काही वर्षांपूर्वी स्वतः माओंनीच केलं होतं. तेव्हा श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याआधी आम्ही एवढंच विचारू की बोलणाऱ्याच्या मागे घरात कोण आहे. ल्यू यूशीची म्हातारी आई विसरू नका.

प्रश्न : एखाद्या कवितेत खरंच छुपा अर्थ आहे, की आपणच घुसडतोय, हे कसं ओळखायचं?

पक्की कसोटी नाही. तीन गोष्टी मात्र बघाव्यात. कविता कोणत्या प्रसंगी लिहिली, कुणाला पाठवली, आणि त्यातला संकेत त्या काळी सगळ्यांना ठाऊक होता का? मोत्यांच्या कवितेत तिन्ही उत्तरं मिळतात, म्हणून आपण निर्धास्त आहोत. वृक्षांच्या कवितेत फक्त ओढाताण आहे. आणि तिन्ही उत्तरं मिळत नसतील, तर शेनत्सोंगसारखं म्हणावं की तो झाडाबद्दल बोलतोय. झाडाबद्दलची कविताही वाचण्यासारखी असते.

वेळ संपली. पुढच्या वेळी आपण मौनाकडे वळू. चिनी कवी रुआन ची याने सुभेदाराला नकार कवितेतून दिला नाही. राज्यकर्त्या घराण्याकडून सोयरिकीचं बोलणं आलं तेव्हा तो साठ दिवस दारूच्या नशेत राहिला, त्यामुळे विचारायला आलेल्याला विचारताच आलं नाही. तेही बोलणंच आहे का, याचा विचार करून या.